जतन आणि जोडकाम : अर्दबिलच्या गालिच्याच्या निगेचा इतिहास

प्रस्तावना :
लोकरी गालिचे व शोभेची वस्त्रे यांची निगा हा विषय आपल्याकडे प्रायः गृहविज्ञानाच्या कक्षेत टाकला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात स्वारस्य असावे असे सहसा मानले जात नाही. वस्तुतः जुने वस्त्र आपल्यापर्यंत पोहोचते ते कोणीतरी ते झटकले, धुतले, रफू केले म्हणून. आणि असे करताना त्या प्रत्येकाने वस्त्रात थोडाफार बदलही केलेला असतो. म्हणूनच निगेचा इतिहास हा साधनचिकित्सेचा भाग ठरतो. प्रस्तुत लेखात इराणमधील अर्दबिलच्या गालिच्याच्या आधारे या मुद्द्याची चर्चा केली आहे.

गालिचा व त्याचा प्रवास :
वायव्य इराणमधील अर्दबिल येथे शेख सफीउद्दीन यांचा दर्गा आहे. सफवी राजघराणे याच शेखांचे वंशज. शाह तहमास्पच्या कारकिर्दीत विणल्या गेलेल्या या गालिच्यावर हिजरी सन ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हे वर्ष आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. कालनिश्चितीच्या दृष्टीने असा लेख असलेला गालिचा दुर्मीळच. त्याचे उभे-आडवे धागे रेशमाचे असून वरची लव लोकरीची आहे. लांबी सुमारे साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरहून थोडी अधिक, आणि दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौरसात सुमारे ५३०० गाठी!

१८४३ मध्ये इंग्रज प्रवाशांनी हा गालिचा दर्ग्यात पाहिला होता. त्यानंतर तीसेक वर्षांनी वा अधिक काळाने भूकंपामुळे दर्ग्याची हानी झाली व तो मँचेस्टरच्या एका व्यापारी पेढीला विकण्यात आला. १८९२ मध्ये तो लंडनच्या बाजारात आला. त्याची पाहणी करण्यासाठी संग्रहालयाच्या वतीने विल्यम मॉरिस गेले. त्यांनी त्याच्या परिपूर्णतेची मुक्तकंठाने प्रशंसा करून खरेदीचा आग्रह धरला. मार्च १८९३ मध्ये २००० पौंड देऊन तो घेण्यात आला. पुढे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून प्रसिद्ध झालेले संग्रहालय ते हेच.

दुरुस्तीचे स्वरूप :
मॉरिस यांना जी परिपूर्णता दिसली, ती मात्र उसनी होती. अर्दबिलच्या या गालिच्याला एक जोडीदार होता. दोन्ही झिजलेले, फाटलेले. एक अखंड गालिचा विक्रीस यावा म्हणून दुसऱ्याची किनार आणि मधल्या भागातील काही तुकडे कापून पहिल्याला जोडण्यात आले. दुसऱ्या गालिच्याचे अस्तित्व त्या वेळी उघड करण्यात आले नाही, कारण एकमेव असण्यातच त्याची किंमत होती. उरलेला गालिचा अमेरिकन धनिकांच्या हाती फिरत राहिला. जे. पॉल गेटी यांनी १९५३ मध्ये तो दान केला आणि आज तो लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात आहे. तो लंडनच्या गालिच्याहून बराच लहान असून त्याला मूळची बाह्य किनार नाही.

या कामाला केवळ फसवणूक म्हणणे सोपे आहे. परंतु झिजलेल्या वस्त्राला त्याच जातीच्या जुन्या वस्त्राचे ठिगळ लावणे ही कारागिरांची जुनीच रीत होय. आपल्याकडील गोधडी शिवणारी स्त्रीही तेच करते. फरक इतकाच की गोधडी आपले जोड लपवीत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या मते येथील दोष ठिगळात नसून मौनात आहे.

आजची निगा :
लोकर हे केराटिन नावाचे प्रथिन असल्याने कसरीच्या अळ्यांचे ते खाद्य ठरते. गरम पाणी व घुसळणे यांनी ती आटून घट्ट होते, तर सोड्यासारख्या क्षारांनी तिचा तंतू दुबळा होतो. आपल्या घरांतून लोकरी कपड्यांसाठी रिठ्याचे पाणी वापरण्याची आणि ट्रंकेत कडुनिंबाचा पाला ठेवण्याची प्रथा होती, ती या दृष्टीने अजाणतेपणीच नव्हे, तर अनुभवातून आलेली म्हणावी लागेल. धुळीचे बारीक खडे पायांखाली तंतू कापतात. म्हणून संग्रहालयांतून जाळी लावून मंद ओढीच्या यंत्राने धूळ काढतात. कसर लागलेले वस्त्र बांधून अतिशीत पेटीत ठेवले जाते.

सर्वांत कठीण प्रश्न प्रकाशाचा. धूळ निघते, अळी मरते. पण उडालेला रंग परत येत नाही, आणि ही हानी वर्षानुवर्षे साचत जाते. अर्दबिलचा गालिचा दीर्घकाळ भिंतीवर टांगलेला होता. २००६ पासून तो दालनाच्या मध्यभागी, मुळात होता तसा जमिनीलगत, काचेच्या आवरणात पसरलेला आहे. दर अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे त्यावर दिवे लागतात. म्हणजे प्रकाशाचा भार एक तृतीयांशावर आला. उरलेली वीस मिनिटे प्रेक्षकांना मंद उजेडात थांबावे लागते.

जोडलेले तुकडे उसवून पुन्हा लॉस एंजेलिसच्या गालिच्यास लावावेत, असे कोणी सुचविल्यास दोन्ही गालिच्यांची नव्याने हानी होईल. ते जोड आता १८९० च्या दशकातील बाजाराचा पुरावा आहेत. म्हणून सफवी कलेच्या तासाला लंडनच्या गालिच्याचे चित्र दाखविताना त्याशेजारी किनार नसलेल्या त्या दुसऱ्या गालिच्याचेही चित्र ठेवावे.