झडपेची वेळ

मोटारीच्या इंजिनांत हवा आंत घेणारी व जळका वायु बाहेर सोडणारी अशा दोन प्रकारच्या झडपा असतात. फिरत्या दांड्यावरील उंचवटे त्यांना ठराविक क्षणीं उघडतात. इंजिन वेगांत असलें म्हणजे आंत शिरणाऱ्या हवेला जोर येतो व दट्ट्या परतूं लागला तरी ती आंत लोटतच राहते. म्हणून झडप जरा उशिरां मिटणें हिताचें. मंद चालींत मात्र तोच उशीर नडतो, घेतलेली हवा माघारीं जाते. एकच वेळ दोन्ही चालींना मानवत नाहीं.

हा पेंच वाफेच्या इंजिनाच्या काळापासूनचा आहे. गाडी हलवितांना दट्ट्याच्या बहुतेक साऱ्या धांवेभर वाफ सोडावी लागे. वेग आल्यावरहि तसेंच केलें तर कोळसा धुराड्यावाटे गेलाच म्हणावयाचा. वाफ लौकर तोडली कीं कोंडलेली वाफ प्रसरण पावून स्वतःच दट्ट्या ढकलते.

१८४२ सालीं न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यांतील विल्यम विल्यम्स व विल्यम हाउ या दोघां नोकरांनीं यासाठीं वक्र दुव्याची योजना सिद्ध केली. दुवा वरखालीं सरकविला कीं वाफ तोडण्याची वेळ बदले. गाडी उलटहि चाले. १८४४ सालीं बेल्जममध्यें एगीद वालशार्ट या फोरमननें दुसरी युक्ति काढली. पेटंट मात्र फिशर नांवाच्या इंजिनियरनें त्याच्या वतीनें घेतलें.

१८६७ सालीं नागपुरास आगगाडी आली. पुढें वाफेच्या साऱ्या अमदानींत ड्रायव्हर चढ-उतार ओळखून, हातानें ही वेळ बदलीत असत. विक्रीच्या मोटारींत ती सोय इटलीच्या आल्फा रोमिओनें १९८० सालीं आणली. १९८९ सालीं जपानच्या होंडानें मंद व जलद चालींसाठीं निरनिराळे उंचवटे योजिले. आज अनेक मोटारींत तेलाच्या दाबानें झडपांचा दांडा किंचित् पुढेंमागें फिरवितात. किती फिरवावयाचा तें संगणक ठरवितो.

वालशार्टचें नांव त्याच्या युक्तीस अखेर मिळालें. त्या दोघांची योजना मात्र अद्याप स्टीफन्सनच्याच नांवानें ओळखली जाते. जरीपटक्याजवळ, मोतीबागेंत, अरुंद मापाच्या रेल्वेचें संग्रहालय आहे. मुलांना तेथील जुनीं इंजिनें दाखवितांना त्यांच्या कर्त्यांबरोबर या कामगारांचींहि नांवें सांगावीं. यंत्राचा इतिहास मालकाच्या पाटीपाशीं संपत नाहीं.