कोपेश्वर आणि उसातली कोपी

राधानगरीच्या लक्ष्मी तलावातून सुटलेले भोगावतीचे पाणी प्रयाग-चिखलीस पंचगंगा होते, नरसोबाच्या वाडीस कृष्णेत मिळते आणि पुढे खिद्रापुरावरून जाते, जिथे शिलाहारकालीन कोपेश्वराचा अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप उभा आहे.

दक्षयज्ञात सतीने देह टाकल्यावर कोपलेला शंकर तो कोपेश्वर, त्याची समजूत घालणारा विष्णू तो शेजारचा धोपेश्वर, आणि सतीला घेऊन गेलेला नंदी सरहद्दीपलीकडे यडूरला, म्हणून येथे देवापुढे नंदी नाही, अशी आख्यायिका आहे. कथा सुंदर, परंतु समजूत घालण्याचा अर्थ ‘धोप’ या अक्षरांत कोणत्या धातूने आणला? राजापुराजवळचा धोपेश्वर तर उघडउघड धूतपापेश्वर आहे.

एका गळीत हंगामात भोगावतीकाठच्या फडाशेजारी उन्हात उभा असता, पाचटाने शाकारलेल्या खोपटातून एक ऊसतोडणीची बाई म्हणाली, “दादा, कोपीत बसा की, ऊन हाय.” तो शब्द ऐकला आणि मला खिद्रापूर आठवले. कन्नडात ‘कोप्प’, ‘कोप्पलु’ म्हणजे वाडी, आणि कृष्णाकाठच्या या मुलखावर शतकानुशतके कन्नड राजवटींचा अंमल होता. कोप्याकोप्यांनी वसलेल्या वस्तीचा जो ईश्वर, तो कोपेश्वर!

यास इतिहासाचा दाखलाही आहे. इ. स. १०५४ च्या सुमारास कोप्पम येथे चालुक्य सोमेश्वर आहवमल्लाशी लढताना चोळ राजाधिराज हत्तीवरच पडला आणि त्याच्या भावाने, राजेंद्राने, रणांगणातच राज्याभिषेक करून घेतला. ही जागा पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीटने खिद्रापुरी नेली. इतर पंडित ती कोप्पळला ठेवतात. परंतु चोळांचे लेख कोप्पम हे ‘पेरारु’च्या, म्हणजे मोठ्या नदीच्या, काठी सांगतात, आणि कोप्पळपासून तुंगभद्रा काही कोस दूर आहे, शिवाय त्याच लेखांत कोल्लापुरी जयस्तंभ रोवल्याचीही नोंद आहे. कृष्णा आणि कोल्हापूर ही दोन्ही ज्याच्या जवळ, ते कोप्पम खिद्रापूरच.

माझ्या मते, सिंघण यादवाने शके ११३६ च्या शिलालेखाने या देवास गाव इनाम दिले तेव्हा कोप्प या गावनावाचा अर्थ लोकांस ठाऊक होता. मुसलमानी अमलात गावाचे नाव खिद्रापूर झाले आणि जुने नाव केवळ देवापाशी उरले. मग त्या एकाकी नावास संस्कृत कोपाचा आधार मिळाला, आणि देवापुढच्या नंदीविना रिकाम्या जागेने कथेची उरलेली बाजू भरून काढली.