क्रूझ सहलीतील आजार व प्रतिबंध

क्रूझ सहलीतील आजार : प्रवासी जहाजावर काही दिवस एकत्र राहणाऱ्यांमध्ये पसरणारे, मुख्यतः पोटाचे आणि श्वसनाचे संसर्ग. समुद्रापासून दूर असलेल्या वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावालाही हा विषय आता परका नाही. रोटेगाव स्थानकावरून रेल्वेने किंवा तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाने मुंबई काही तासांवर आली आहे आणि तिथून गोवा, लक्षद्वीपकडे जहाजे सुटतात. पहिल्यांदा निघणाऱ्याला धास्ती असते ती बोट लागण्याची. ती फारशी खरी नाही. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली घेतली आणि डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच गोळी घेतली, तर बहुतेकांचे निभावते. शिवाय एकाला बोट लागली म्हणून ती शेजाऱ्याला लागत नाही. खरा धोका समुद्रात नसून गर्दीत असतो. दोन-चार हजार अनोळखी माणसे एकाच भटारखान्यातले जेवतात, त्याच जिन्यांचे कठडे धरतात आणि तीच लिफ्टची बटणे दाबतात. म्हणून जहाजावरचा सर्वांत परिणामकारक उपाय औषधांच्या पिशवीत सापडत नाही. तो दुखणे न लपवण्यात आहे, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते.

या आजारांतला मुख्य आरोपी नोरोव्हायरस. 1968 साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नॉरवॉक गावातल्या एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली, त्या गावावरून त्याला नाव मिळाले. तो जहाजावर इतका का फोफावतो, हे त्याच्या स्वभावातून कळते. अगदी थोडे, शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि आजाऱ्याच्या एका उलटीतून असे असंख्य कण बाहेर पडतात. पृष्ठभागांवर तो दिवसेंदिवस टिकतो. माणूस बरा झाला तरी पुढे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहू शकतो. जेवणघराच्या दारात ठेवलेल्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. त्यामुळे दारात हातांवर दोन थेंब चोळून आत जाणारा प्रवासी निर्धास्त होतो, पण सुरक्षित होत नाही. साबण, वाहते पाणी आणि किमान वीस सेकंद चोळणे याला पर्याय नाही. ‘आमचे पोट गावच्या पाण्यावर पोसलेले, आम्हाला काय होणार’ हा युक्तिवादही टिकत नाही. नोरोव्हायरसचे अनेक प्रकार आहेत, एकाची बाधा झाल्यावर येणारी प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडेलच असे नाही, आणि ती फार काळ टिकतही नाही.

बुफे आणि पंगत यांतला फरक वैजापूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागू नये. गोदावरीच्या पात्रातल्या सराला बेटाच्या परंपरेतील गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात भरतो. लाखोंची गर्दी, आणि आमटी-भाकरीचा प्रसाद. आमटी कढईतून उकळती निघते आणि वाढपी ती पंगतीत वाढत जातो. डाव एकाच्या हातात राहतो. बुफेत तोच डाव जेवणाऱ्या प्रत्येकाच्या हातातून फिरतो आणि कोशिंबीर, कापलेली फळे, बर्फ असे न शिजवलेले पदार्थ तासन्‌तास उघडे असतात. (भाकऱ्या घरोघरच्या हातांतून येतात, तेव्हा सप्ताहातही धोका शून्य नसतो, हे मान्य केले पाहिजे.) जहाजावर साथीची चाहूल लागली की कंपन्या पहिल्यांदा स्वतः वाढून घेणे बंद करतात आणि कर्मचारी वाढू लागतात, ते याच कारणाने. प्रवाशाने यातून घ्यायचे ते एवढेच : डाव धरल्यावर आणि तोंडात घास घालण्यापूर्वी हात धुवावेत, आणि गरम पदार्थ वाफाळत असेल तरच घ्यावा.

यावर पहिला आक्षेप असा, की जहाजेच इतकी अस्वच्छ असतील तर जाऊच नये. आकडे ते सांगत नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 1970च्या दशकात जहाज स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. 2008 ते 2014 या काळात त्या कार्यक्रमाखालील जहाजांवरच्या सुमारे 7 कोटी 36 लाख प्रवाशांपैकी जुलाब-उलट्यांचे रुग्ण 0.18 टक्के निघाले. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींत जहाजांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. बाकीच्या बहुतांश वृद्धाश्रम, रुग्णालये, शाळा, उपाहारगृहे अशा जमिनीवरच्या ठिकाणच्या. जहाजांचे नाव होते, कारण तिथे रुग्ण मोजले जातात. दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो : स्वच्छता ही कंपनीची जबाबदारी, प्रवाशाने का शिणावे? त्यात तथ्य आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 56 जहाजांवरच्या 273 सार्वजनिक स्वच्छतागृहांत अदृश्य खुणा करून तपासले, तेव्हा कड्या, नळ, कठडे अशा वस्तूंपैकी केवळ 37 टक्केच रोज पुसल्या गेल्याचे आढळले. कंपनीला जाब विचारलाच पाहिजे. पण पुसणारा येऊन गेल्यानंतर पाचव्या मिनिटाला आजारी हात त्याच कडीवर पडला, तर तिथे कंपनी काही करू शकत नाही.

श्वसनाच्या आजारांत कंपनीच्या उपायांची ही मर्यादा अधिक उघड होते. फेब्रुवारी 2020मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावरच्या 3,711 जणांपैकी 712 जणांना कोविडची बाधा झाली. प्रवासी खोल्यांत बंद होते, पण त्यांना जेवण पोचवणारे कर्मचारी कामावर होते आणि दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते. त्यांत भारतीयही मोठ्या संख्येने होते. जानेवारी 2022मध्ये मुंबईहून नववर्षासाठी गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया जहाजावर सुमारे 2,000 जण होते. मुरगाव बंदरातल्या तपासणीत 66 जण बाधित आढळले आणि जहाज मुंबईला परतले. तिथे हा आकडा आणखी वाढला. गरम पाण्याच्या हौदांचा धोका वेगळा. 1994 साली होरायझन जहाजावरच्या हौदांतून लेजिओनेला जिवाणूमुळे न्यूमोनियाची साथ पसरली होती. वयस्कर, दमेकरी, मधुमेही प्रवाशांनी ते हौद टाळलेले बरे, आणि निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी फ्लूची लस घ्यावी.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. पहिली उलटी झाली आणि जहाजाच्या डॉक्टरला सांगितले, तर खोलीत कोंडून घेतील, पैसे वाया जातील. म्हणून लोक गप्प राहतात आणि जुलाब थांबवणारी गोळी खाऊन जेवणघरात येतात. ही भीती खोटी नाही, आणि तिला नैतिकतेचे धडे देऊन उत्तर मिळत नाही. उत्तर हिशेबात आहे. नोरोव्हायरसचा त्रास बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरतो. तेवढे दिवस खोलीत काढले तर उरलेली सहल हाती राहते. लपवले तर आधी त्याच खोलीतली बायको-मुले आडवी होतात, कारण एकच न्हाणीघर सगळे वापरतात. वयस्करांना खरा धोका शरीरातले पाणी कमी होण्याचा असतो, आणि त्यावर बहुतेक वेळा जलसंजीवनी (ओआरएस) पुरते. 1971च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी याच साध्या मिश्रणाने पटकीचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आणले होते. तिची पाकिटे आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. बोटीवर चढताना कर्मचाऱ्यांनी ताब्यात घेतलेली मोठी बॅग खोलीत उशिरा पोचते.

आजाराची सुरुवात दर वेळी जहाजावरच होते असे नाही. बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 12 ते 48 तास जातात. म्हणजे वैजापूर ते मुंबई या अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवर खाल्लेले शिळे जहाजावर दुसऱ्या दिवशी प्रकट होते आणि दोष समुद्राला लागतो. निघण्याच्या आदल्या दिवशी घरात कुणाला उलट्या होत असतील, तर तारीख बदलणे हाच शहाणपणा. तो परवडावा यासाठी तिकीट काढतानाच एजंटाला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : आजारपणामुळे तारीख बदलली तर किती पैसे परत मिळतील, आणि जहाजावर खोलीत राहावे लागले तर त्या दिवसांची भरपाई प्रवासविम्यात आहे का.