जहाजांच्या सांगाड्यातील अवशिष्ट प्रतिबल

बाहेरून कोणताही भार नसताना धातूमध्ये अडकून राहिलेल्या अंतर्गत प्रतिबलास अवशिष्ट प्रतिबल असे म्हणतात. पोलादी जहाजांत ते मुख्यतः वेल्डिंगमुळे निर्माण होते. त्याच्या मापनावरून तडा कोठे जाण्याचा संभव आहे व तो किती वेगाने वाढेल, याचा अंदाज बांधता येतो.

कारण

वेल्डिंगच्या वेळी वितळलेला धातू थंड होताना आकुंचन पावतो. शेजारचे थंड पोलाद त्यास अटकाव करते. परिणामी सांध्यात ताण आणि त्यापासून दूर त्यास तोलणारा दाब शिल्लक राहतो. हा ताण पोलाद कायमचे विरूप होऊ लागण्याच्या मर्यादेजवळ पोहोचू शकतो. साध्या जहाजी पोलादासाठी ही मर्यादा किमान २३५ मेगापास्कल असते.

इतिहास

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच जवळजवळ दुभंगले. दुसऱ्या महायुद्धकाळातील अनेक लिबर्टी जहाजांनाही तडे गेले. प्रारंभी संशय वेल्डिंगवर होता. केंब्रिज विद्यापीठातील कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र थंडीत ते पोलाद ठिसूळ होते, हे दाखवून दिले. झडपांच्या चौकोनी कोपऱ्यांसारख्या ठिकाणी एकवटणारे प्रतिबलही घातक ठरले होते. अवशिष्ट प्रतिबल हे एकमेव कारण नसून ते इतर दोषांना बळ देते, असे यातून स्पष्ट झाले.

मापनपद्धती

प्रतिबल थेट मोजता येत नाही. विकृती मोजून ते गणिताने काढावे लागते.

* छिद्रपद्धती : पृष्ठभागावर विकृतिमापक चिकटवून मध्यभागी सुमारे १ ते २ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडतात. मोकळ्या झालेल्या विकृतीवरून मूळ प्रतिबल मिळते.
* क्ष-किरण विवर्तन : स्फटिकातील अणूंच्या थरांमधील अंतर मोजले जाते. धातूला इजा होत नाही, पण केवळ पृष्ठभागाचीच माहिती मिळते.
* न्यूट्रॉन विवर्तन : पोलादात काही सेंटिमीटर खोलवर मापन होते, मात्र त्यासाठी नमुना अणुभट्टी किंवा तत्सम न्यूट्रॉन-स्रोताकडे न्यावा लागतो.

तड्याचे भाकीत

लाटांमुळे जहाजाचा सांगाडा आलटून पालटून वाकतो. सांध्यात ताण शिल्लक असल्यास लाटेचा भार दाबाचा असतानाही तडा पुरता मिटत नाही आणि प्रत्येक आवर्तनात अधिक वाढतो. म्हणून तडावाढीच्या गणितात अवशिष्ट प्रतिबल मिळवावे लागते. मोठ्या भारांनंतर त्याची वाटणी बदलते; त्यामुळे नव्या जहाजावरील मापन त्याच्या संपूर्ण आयुष्यास लागू पडतेच असे नाही.