आपली वेळ, आपला टीव्ही



परवा माळा आवरताना आमचा जुना संगणक सापडला. त्याच्या मागे केबलची वायर लावायची पिन अजून तशीच होती. भंगारात देण्याआधी वाटलं, याची गोष्ट तुम्हाला सांगावी. ती यंत्राची कमी आणि घरातल्या बाईच्या वेळेची जास्त आहे.

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण, मग मागचं आवरणं, मग सामायिक. टीव्हीवरचं बघण्यासारखं सगळं नेमकं त्याच वेळी. टीव्हीच्या वेळेला आपण का बांधून घ्यायचं, या प्रश्नाला पहिलं मोठं उत्तर जपानमधून आलं. सोनीने १९७५ मध्ये घरगुती रेकॉर्डिंगसाठी बीटामॅक्स आणलं आणि १९७६ मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस. कॅसेट घाला, वेळ लावा आणि सवडीने बघा.

त्याच १९७६ साली अमेरिकेत युनिव्हर्सल आणि डिस्नी या चित्रपट कंपन्यांनी सोनीवर खटला भरला. घरी कार्यक्रम उतरवून घेणं हा आमच्या हक्कांचा भंग आहे आणि ते यंत्र विकणारी सोनी त्याला जबाबदार आहे, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टात सोनी जिंकली, अपिलात हरली. शेवटी १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने सोनीच्या बाजूने निकाल दिला, तोही ५ विरुद्ध ४ मतांनी. नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं गैर नाही, असं कोर्टाने मानलं. लहान मुलांचे कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांची साक्ष या निकालात नोंदलेली आहे. कुटुंबांनी माझा कार्यक्रम रेकॉर्ड करून सोयीच्या वेळी एकत्र बघितला तर माझी काहीच हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. एक मत फिरलं असतं तर कदाचित पुढचं सारंच वेगळं झालं असतं.

१९९९ मध्ये अमेरिकेत टिवो आणि रीप्लेटीव्ही आले. कॅसेट गेली, तिच्या जागी हार्ड डिस्क आली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. त्याच वर्षी मिथटीव्ही हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही सुरू झालं. आता साध्या संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलं की काम भागत होतं.

आमच्या मुलाने २००५ च्या दिवाळीत तेच केलं. केबलची वायर कार्डात, संगणकाची वायर टीव्हीत, आवाजाची वेगळी. तासाला साधारण २ जीबी लागायचे. १६० जीबीच्या डिस्कवर विंडोज वगळता सत्तरएक तास मावत. खरी अडचण लोडशेडिंगची. संगणक चालू नसेल तर रेकॉर्डिंग कुठलं? मग त्यालाही इन्व्हर्टरची जोडणी दिली.

फेब्रुवारी २००६ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, विंध्यगिरीच्या पायऱ्या त्यांना शक्यच नव्हत्या. टीव्हीवर दाखवलं ते सगळं आम्ही उतरवून घेतलं. पुढे कित्येक रविवारी त्या ते लावायला सांगायच्या. दुधाचा अभिषेक आला की हात जोडायच्या, दरवेळी नव्याने.

मी कॉमर्सची, त्यामुळे वही घातली होती. रेकॉर्ड किती, बघितलं किती. वर्षाखेरीस हिशेब काढला तर तिसरा हिस्साही बघितलेला नव्हता. न बघितलेल्याचाही परिग्रह होतो, हे तेव्हा कळलं. निम्मं पुसून टाकलं, पण सासूबाईंचं तेवढं ठेवलं.

मग सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत २०१२ च्या अखेरीस, आमच्याकडे त्यानंतर. वाहिन्या कुलूपबंद होऊन येऊ लागल्या आणि आमच्या कार्डाला नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ च्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर काढून टाकलं. दरम्यान आमची डिस्क एका पावसाळ्यात बंद पडली. तोवर सासूबाई गेल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज मोबाइलवर हवं ते हव्या वेळी दिसतं. वेळ आपली झाली खरी, पण हातात काहीच राहत नाही. आज असलेला कार्यक्रम उद्या ॲपवरून काढला तर आपण काय करणार? त्या जुन्या संगणकात उतरलेलं निदान आपल्या घरात होतं. आणि घरात असलं तरी एकच प्रत म्हणजे नसल्यासारखीच, हे मी डिस्क गेल्यावर शिकले.

माझं नशीब की नणंदेने तेव्हा हट्टाने दोन डीव्हीडी करून नेल्या होत्या. त्यातली एक अजून चालते. भाच्याने गेल्या महिन्यात तिच्या चार प्रती करून चार घरांत दिल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या कपाटात कुणाच्या लग्नाची, दीक्षेची, प्रवचनाची कॅसेट असेल तर बुरशी लागण्याआधी तिची प्रत करून घ्या. आणि एक प्रत दुसऱ्या घरी नक्की द्या.

जय जिनेंद्र.