फ्लिक, व्हिक
(१४ मे १९३७–१४ नोव्हेंबर २०२४). ब्रिटिश स्टुडिओ गिटारवादक. जेम्स बाँडची ओळखधून सर्वप्रथम यांच्याच गिटारवर वाजली.

‘जॉन बॅरी सेव्हन’ या वाद्यवृंदातून फ्लिक पुढे आले. डॉक्टर नो (१९६२) या चित्रपटासाठी लंडनमध्ये ही धून ध्वनिमुद्रित झाली. संगीतकार माँटी नॉर्मन यांनी मूळ चाल नायपॉल यांच्या अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास या कादंबरीवरील संगीतिकेसाठी बांधली होती. तिची वाद्यवृंदरचना जॉन बॅरी यांची. फ्लिक यांनी क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन गिटारच्या खालच्या स्वरांच्या तारा घोडीजवळ जोरकसपणे छेडल्या आणि धुनेला तो करकरीत, धमकीवजा नाद मिळाला.

या वादनाचा त्यांना मिळालेला मोबदला सुमारे ६ पौंड.

बीटल्सच्या अ हार्ड डेज नाइट (१९६४) या चित्रपटातील ‘रिंगोज थीम’मध्येही त्यांचीच गिटार ऐकू येते.