अंड्याची मोजपट्टी

मुलांच्या डब्यात काय द्यावे, या रोजच्या प्रश्नाला अलीकडे बऱ्याच घरांत एक सोपे उत्तर मिळते: एक उकडलेले अंडे. चिरणे नाही, परतणे नाही. एका शेगडीवर भाजी होईपर्यंत दुसरीवर अंडे तयार. 'त्यातून प्रथिने मिळतात' हे कारण आपण सगळेच देतो. एका मध्यम आकाराच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे खरेच आहे. पण ६० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी घेतली तर तिच्यातही सुमारे ६ ग्रॅमच प्रथिने असतात. मग अंड्याऐवजी डब्यात आणखी एक भाकरी टाकली तर चालणार नाही का?

हा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारला, तर 'अंड्यातील प्रथिने उच्च दर्जाची असतात' एवढे सांगून त्याला खाली बसवू नये. दर्जा कोणी ठरवला, कशाने मोजला आणि मोजण्यासाठी अंडेच का घेतले, हा जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आणि या मोजपट्टीच्या चुकांची किंमत अनेक देशांच्या आहारविषयक धोरणांनी मोजलेली आहे.

१८३८ साली गेरिट मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने अंड्याचा पांढरा बलक, रक्तातील फायब्रिन आणि अशाच काही पदार्थांचे पृथक्करण केले. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण त्याला सगळीकडे जवळपास सारखेच आढळले. फरक होता तो थोड्याशा गंधक-फॉस्फरसचा. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की या सर्वांच्या मुळाशी एकच पदार्थ आहे. स्वीडनच्या बर्झेलियसने पत्र लिहून त्याला नाव सुचवले, 'प्रोटीन'. म्हणजे पहिल्या क्रमांकाचे. मराठीतील 'प्रथिन' या शब्दातही 'प्रथम' ऐकू येतो, आणि ज्याने हा शब्द घडवला त्याच्या कानाला दाद द्यायला हवी.

मुल्डरचा निष्कर्ष चुकीचा होता. नाव मात्र टिकले. सर्व प्रथिने एकच असती, तर आपल्या विद्यार्थ्याचे म्हणणे बरोबर ठरले असते. सहा म्हणजे सहाच. एका अर्थाने आजचे आहारतक्तेही मुल्डरच्याच वाटेने जातात. तक्त्यात छापलेला प्रथिनांचा आकडा बहुधा प्रथिने मोजून आलेला नसतो. योहान केल्डाल याने १८८३ मध्ये कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधलेल्या रीतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे भाकरीचे सहा आणि अंड्याचे सहा यांतला फरक तक्त्यात दिसतच नाही.

फरक आहे, हे पहिल्यांदा उघड झाले ते गरिबांच्या जेवणावरून. हाडे उकळून काढलेल्या जिलेटिनचे सूप पॅरिसमधील इस्पितळांत रुग्णांना दिले जाई. जिलेटिनमध्ये नायट्रोजन भरपूर, शिवाय ते स्वस्त. मग मांसाची गरज काय? फ्रेंच विज्ञान अकादमीने यासाठी समिती नेमली, तिचा प्रमुख होता शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझांदी. कुत्र्यांवरील प्रयोगांनंतर १८४१ मध्ये अहवाल आला. नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नव्हती. कारण सांगणे त्या काळी शक्य नव्हते, कारण प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात हे कळायला बराच अवधी होता.

ते कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाती आले. अमेरिकेतील न्यू हेवन येथे टॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल (वाटाण्यांचा मेंडेल तो वेगळा) उंदरांना एका वेळी एकच प्रथिन खाऊ घालत होते. मक्यातील झीन हे प्रथिन दिले की उंदरांचे वजन घटत जाई. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळले, तर वजन टिके. पण वाढ होत नसे. लायसिनही घातले, की ते वाढू लागत. १९१४ चा हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वजन टिकणे आणि वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने दाखवले. आणि शाळेतले मूल हे वाढणारे शरीर असते.

छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे जुळवत. मजकुरासाठी 'र' हे अक्षर कमी पडले, की बाकीची अक्षरे कितीही असोत, काम अडे. शरीरातही तसेच होते. लायसिन संपले की नवे प्रथिन बांधणे थांबते. उरलेली अमिनो आम्ले साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही; ती इंधन म्हणून जाळली जातात.

आता दर्जाला आकडा द्यायचा होता. कार्ल थॉमस या जर्मन संशोधकाने १९०९ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून 'जैविक मूल्य' ही कल्पना मांडली. शोषलेल्या नायट्रोजनपैकी किती भाग शरीरात टिकला, ते हे मूल्य सांगते. इलिनॉयमधील एच. एच. मिचेल याने १९२४ मध्ये तिला उंदरांवरील काटेकोर पद्धतीचे रूप दिले. या कसोटीत अख्ख्या अंड्याला १०० पैकी ९४ च्या आसपास गुण मिळत, आणि इतर अन्नपदार्थ त्याच्या मागे राहत. १९४६ मध्ये मिचेल आणि ब्लॉक यांनी पुढचे पाऊल टाकले. उंदीर पाळण्यापेक्षा अन्नातील अमिनो आम्ले मोजा, ती अंड्यातील अमिनो आम्लांशी ताडून पाहा, आणि जे सर्वांत कमी पडेल तेच त्या अन्नाचे गुण धरा. अशा रीतीने अंडे मोजपट्टी झाले.

ज्वारी या पट्टीला लावून पाहू. अंड्याच्या दर ग्रॅम प्रथिनात लायसिन साधारण ७० मिलिग्रॅम असते, ज्वारीच्या प्रथिनात २३. म्हणजे ज्वारीला ३३ टक्के, नापास.

पण अंड्याइतके लायसिन मुलाला लागतेच असे कोणी सांगितले? अंडे हे कोंबडीचे पिल्लू घडवण्यासाठी असते. त्याला पिसे हवी असतात. माणसाच्या गरजा मोजायच्या तर माणसांवरच प्रयोग करावे लागतात. इलिनॉयमध्येच विल्यम रोझ याने १९४० च्या दशकात पदवीधर विद्यार्थ्यांना शुद्ध अमिनो आम्लांच्या आहारावर ठेवून ते काम सुरू केले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९७३ च्या अहवालात अंड्याऐवजी माणसाच्या गरजेवर आधारलेली पट्टी स्वीकारली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पट्टीत तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दर ग्रॅम प्रथिनामागे ४८ मिलिग्रॅम लायसिन धरले आहे. या पट्टीवर ज्वारी ३३ वरून ४८ टक्क्यांवर जाते. ज्वारी तीच, फक्त पट्टी बदलली.

आता डब्याचे गणित फळ्यावर मांडता येईल. भाकरीची ६ ग्रॅम प्रथिने गुणिले २३, बरोबर १३८ मिलिग्रॅम लायसिन. अंड्याची ६ गुणिले ७०, बरोबर ४२०. एकूण ५५८ मिलिग्रॅम, १२ ग्रॅम प्रथिनांत. म्हणजे दर ग्रॅमला साडेसेहेचाळीस. ४८ च्या अगदी जवळ. दोन भाकऱ्यांतही १२ ग्रॅमच प्रथिने, पण लायसिन २३ वरच अडकलेले. अंडे स्वतःची प्रथिने तर देतेच, शिवाय भाकरीतली वाया जाणारी प्रथिने कामाला लावते. हेच काम डाळही करते. तुरीच्या प्रथिनात लायसिन अंड्याच्या तोडीचे असते, आणि २८ ग्रॅम कोरड्या डाळीत ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते धान्यात असते. डाळीपेक्षा अंड्याचे प्रथिन सहज पचते एवढी सूट मात्र या गणितात धरलेली नाही.

पचनाचा विषय निघालाच आहे, तर उकडण्याकडे वळू. कच्चे अंडे अधिक पौष्टिक, ही समजूत तालमींतून अजून ऐकू येते. १९२७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस हिने उंदरांना वाळवलेला कच्चा पांढरा बलक हेच प्रथिन म्हणून दिले. त्यांची कातडी सुजली, केस गळाले. तोच बलक उष्णता देऊन घातल्यावर हा विकार होत नसे. कच्च्या बलकातले ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून ठेवते, हे नंतर उलगडले. गंमत अशी, की बायोटिन १९३६ मध्ये प्रथम शुद्ध स्वरूपात मिळाले तेही अंड्याच्याच पिवळ्या बलकातून. १९९८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी माणसांवर मोजणी केली तेव्हा शिजवलेल्या अंड्याचे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्याचे ५१ टक्केच. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पाचक विकरांना आत शिरायला वाट मिळते. ज्वारीचे उलटे आहे. पाण्यात शिजवल्यावर तिच्या प्रथिनांत गंधकाचे जोड तयार होतात आणि ती पचायला अवघड होतात.

उकडताना मात्र अति करू नये. पाणी उकळू लागल्यावर दहा-बारा मिनिटे पुरतात. मग लगेच गार पाण्यात. फार वेळ उकळले, की पांढऱ्या बलकातील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, पिवळ्या बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो आणि हिरवट कडे दिसते. ते अपायकारक नाही. पण डबा उघडताच येणारा वास त्याच वायूचा, आणि त्या वासामुळे शेजारच्या बाकावरून नाके मुरडली गेली तर मूल दुसऱ्या दिवशी अंडे परत आणते. अगदी ताजे अंडे नीट सोलले जात नाही. चार दिवसांचे बरे. कारण कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने बलक अधिक अल्कधर्मी झालेला असतो. अंडे कवचासकट द्यावे आणि उन्हाळ्यात पहिल्या मधल्या सुट्टीतच खायला सांगावे.

आता मोजपट्टीच्या किमतीबद्दल. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आजच्या घानामध्ये 'क्वाशिओर्कर' हा मुलांचा आजार वर्णिला. तो प्रथिनांच्या अभावाचा मानला गेला. त्यात अंड्याची उंच पट्टी आणि मुलांच्या गरजेचे वाढीव अंदाज यांची भर पडली. १९६८ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे अहवाल जगावरील 'प्रथिन-संकटा'बद्दल बोलू लागले. माशांची पूड, खनिज तेलावर वाढवलेले यीस्ट, लायसिन मिसळलेला पाव असे अनेक उपाय पुढे आले.

या गलबल्यात वेगळे बोलणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ ते १९७० या काळात अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक होते. भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासून त्यांनी १९७० मध्ये दाखवले, की प्रथिने कमी पडणारी बहुतेक माणसे मुळात पोटभरच जेवत नव्हती. हैदराबादला सी. गोपालन यांचे काम त्याच दिशेने चालले होते. पोट अर्धे रिकामे असेल तर शरीर प्रथिनांचेही सरपण करते. ६ ग्रॅम प्रथिने जाळून २४ किलोकॅलरी मिळतात. तेवढ्या ६ ग्रॅम साखरेतूनही मिळतात. उपाशी मुलाला नुसते अंडे देणे म्हणजे सागवान चुलीत घालणे होय. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन याने 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रकरणाला 'फसगत' म्हटले. सुखात्म्यांचे पुढचे म्हणणे, की शरीर कमी उष्मांकांशी जुळवून घेते, मला पटत नाही. त्यावर गोपालन आणि पुण्याचे वि. म. दांडेकर यांनी घेतलेले आक्षेप वजनदार होते. पण पहिली गोष्ट त्यांनी बरोबर सांगितली.

म्हणून अंडे कुठे द्यावे, तर भरलेल्या ताटाच्या शेजारी. तमिळनाडूने हे केले. तिथे दुपारचे जेवण आधी होते. १९८९ मध्ये त्यात पंधरवड्याला एक अंडे आले आणि टप्प्याटप्प्याने वाढत २०१० मध्ये आठवड्याचे पाचही दिवस अंडे मिळू लागले. महाराष्ट्राच्या शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाने आठवड्यातून एकदा अंडे आले. न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा स्थानिक फळ. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा वेगळा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडण्यात आले. अंडे खावे की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण पर्यायाची निवड विज्ञानाच्या कक्षेत येते. एका केळ्यात जेमतेम सव्वा ग्रॅम प्रथिने असतात. केळे उत्तम फळ आहे, पण अंड्याची जागा ते घेत नाही. मूठभर, म्हणजे २८-३० ग्रॅम फुटाण्यांत ६ ग्रॅम प्रथिने आणि चांगले लायसिन मिळते, आणि ते गावच्या बाजारातही मिळतात. बी-१२ जीवनसत्त्व फुटाण्यांत नसते. त्यासाठी दूध, दही किंवा ताक हवे, आणि ते रोज शाळेपर्यंत न नासता पोचवणे फुटाण्यांपेक्षा आणि अंड्यांपेक्षाही कठीण आहे.